कर्णबधिरांची साक्ष आणि तिचा दुभाषी

ज्या साक्षीदाराला बोलता येत नाही, त्याने लिहून किंवा खुणांनी साक्ष द्यावी, फक्त ते लिहिणं आणि त्या खुणा उघड न्यायालयातच व्हाव्यात, असं १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याचं कलम ११९ सांगत होतं. ही साक्ष तोंडीच धरली जाई. त्या काळाच्या मानाने तरतूद मोठी होती. पण त्या खुणा न्यायाधीशांना समजावून कोण देणार, याबद्दल कलमात अवाक्षर नव्हतं. दुभाषी किंवा विशेष शिक्षकाची मदत घेणं आणि जबाबाचं व्हिडिओ चित्रीकरण करणं न्यायालयावर बंधनकारक झालं ते थेट २०१३ च्या दुरुस्तीने.

एवढा उशीर होण्याचं मोठं कारण शाळांत सापडतं. १८८० साली इटलीत मिलान इथे कर्णबधिर मुलांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. वर्गातून खुणा काढून टाकाव्यात, मुलांना ओठ वाचायला आणि बोलायला शिकवावं, असा ठराव तिथे झाला. ज्यांच्याबद्दल तो होता ते कर्णबधिर लोक त्या सभागृहात जवळपास नव्हतेच. त्याच दशकात मुंबईत माझगावला कर्णबधिरांची शाळा निघाली, १८९३ मध्ये कलकत्त्यात निघाली. पुढच्या शाळांतही बहुतेक ठिकाणी भर बोलण्यावरच राहिला आणि हात हलवणं म्हणजे वाईट खोड ठरली. तरी ही खुणांची भाषा, म्हणजे सांकेतिक भाषा, टिकली. ती वसतिगृहात, मैदानावर, मधल्या सुट्टीत टिकली. बहुतेक कर्णबधिर मुलं ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात, त्यामुळे ही भाषा त्यांना आईकडून मिळत नाही, शाळेतल्या मोठ्या मुलांकडून मिळते. शाळासोबत्यांशी आयुष्यभर टिकणारी घट्ट मैत्री, एकमेकांना दिलेली संकेतनावं, म्हणजे प्रत्येकाला ओळखायची खास खूण, खांद्यावर थाप मारून किंवा दिवा उघडझाप करून लक्ष वेधणं, हे सगळं तिथूनच आलं.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस मदन वसिष्ठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली, कलकत्ता, मुंबई आणि बंगळूरमधल्या खुणांचा अभ्यास केला. वसिष्ठ स्वतः कर्णबधिर. हिमाचलातल्या खेड्यात लहानपणीच त्यांचं ऐकणं गेलं. शहरागणिक शब्द थोडेफार बदलतात, व्याकरण मात्र एकच आहे, असं या कामातून पुढे आलं. म्हणजे सांकेतिक भाषा ही मराठीची किंवा हिंदीची हातांनी केलेली नक्कल नव्हे. ‘तू कुठे राहतोस’ हे तिथे ‘तू, राहणं, कुठे’ असं येतं आणि प्रश्न भुवयाही विचारतात. चेहरा कोरा ठेवून मराठी वाक्य शब्दागणिक खुणांत मांडलं, तर समोरच्याच्या हाती फारसं काही लागत नाही.

दुभाषाचं काम तोवर नात्यातलीच माणसं करत आली होती: कर्णबधिर जोडप्यांची ऐकू येणारी मुलं, शाळेतल्या बाई, एखादी बहीण. आईच्या आजाराचं निदान दहा वर्षांच्या मुलाने तिला सांगायचं, हा त्या मुलावर अन्याय आहे आणि त्या आईवरही. वांद्र्याच्या अली यावर जंग या कर्णबधिरांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेत २००१ पासून सांकेतिक भाषेचे अभ्यासक्रम सुरू झाले. २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आलं आणि २०२१ पर्यंत त्याच्या कोशात १०,००० शब्द झाले.

तरीही पोलीस ठाण्यात आणि दवाखान्यात अजून दोन चुका सर्रास होतात. पहिली, ‘लिहून द्या’. लिखित मराठी ही अनेक कर्णबधिरांची दुसरी भाषा असते, तीही अपुरी शिकवलेली, त्यामुळे कागदावर सही झाली म्हणजे मजकूर कळला असं होत नाही. दुसरी चूक जास्त घातक आहे. खुणा पाहताना कर्णबधिर माणूस मान हलवतो, त्याचा अर्थ बऱ्याचदा ‘पाहतोय, पुढे सांगा’ एवढाच असतो. ‘तू तिथे होतास का?’ या प्रश्नावर अशी मान हलली आणि जबाबात ‘होय’ लिहिलं गेलं, तर माणूस आरोपी होऊ शकतो. जाणता दुभाषी इथे थांबतो, प्रश्न उलटा करून विचारतो, स्पष्ट उत्तर आल्याशिवाय पुढे जात नाही. डॉक्टरांनी ‘कशाची ॲलर्जी?’ विचारलं तर तो त्यांच्या संमतीने उदाहरणं मांडतो: गोळी, इंजेक्शन, शेंगदाणे, मासे. तो डॉक्टरांच्या शेजारी उभा राहतो, खिडकीकडे पाठ करत नाही, म्हणजे पेशंटला दोघांचे चेहरे उजेडात दिसतात. डॉक्टरांनीही ‘यांना विचारा’ न म्हणता थेट पेशंटकडे बघून बोलायचं असतं.

सप्टेंबर २०२३ मध्ये कर्णबधिर वकील सारा सनी यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या सुनावणीत दुभाषाच्या मदतीने भाग घेतला. त्या शिकलेल्या, सांकेतिक भाषेत तरबेज. खेड्यातल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईकडे फक्त घरातल्या खुणा असतात. तिथे ऐकू येणारा दुभाषी एकटा पुरत नाही. त्याच्या जोडीला कर्णबधिर दुभाषी लागतो. तो नकला करून, चित्रं काढून, तिच्याच खुणा उचलून बोलणं जुळवतो, आणि दुसरा ते न्यायाधीशांना मराठीत सांगतो. अशी जोडी हवी असेल तर साक्षीच्या तारखेआधी मागावी लागते, आणि ओळख होऊन खुणा जुळाव्यात म्हणून त्या बाईला या दोघांबरोबर आधी पुरेसा वेळ द्यावा लागतो.