जुना मोबाइल कोणाच्या हाती गेला

दुपारच्या वेळी गल्लीत एक स्कूटर येते. मागे प्लास्टिकचे टब, घमेली, डबे बांधलेले असतात आणि भोंग्यावर एकच वाक्य पुन्हा पुन्हा वाजत असतं: बंद पडलेला, फुटलेला, कसाही मोबाइल द्या आणि भांडं घेऊन जा. जुन्या साड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणीच्याच वाटेवरून हा धंदा आला. मोबाइलच्या कचऱ्यासाठी कायदे झाले, कंपन्यांनी दुकानांत पेट्या ठेवल्या, पण घरातला मेलेला फोन उचलायला आपल्या दारापर्यंत कोणी आलं असेल तर तो हा माणूस. कायदा एका दाराने येत राहिला आणि फोन दुसऱ्याच दाराने बाहेर जात राहिला. हे कसं झालं, ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं.

31 जुलै 1995 रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांना फोन केला. देशातला तो पहिला मोबाइल कॉल. तेव्हा येणाऱ्या कॉललाही पैसे पडत, हँडसेट म्हणजे चैनीची वस्तू होती आणि ती फेकण्याचा प्रश्नच नव्हता. 2003 मध्ये चित्र पालटलं. इनकमिंग फुकट झालं आणि त्याच पावसाळ्यात रिलायन्सने 501 रुपये भरून हँडसेट हातात ठेवला. हे फोन सीडीएमए तंत्राचे आणि त्या एका कंपनीच्या सेवेला बांधलेले होते. माणसाने कंपनी बदलली की फोन धडधाकट असूनही कपाटात जाई. पुढे 1 डिसेंबर 2009 पासून वैध आयएमईआय, म्हणजे प्रत्येक हँडसेटचा स्वतंत्र ओळख क्रमांक, नसलेल्या फोनची सेवा बंद करायचा सरकारी आदेश निघाला. सुरक्षेच्या दृष्टीने तो योग्यच होता. पण स्वस्त चिनी फोन वापरणाऱ्यांपैकी अनेकांना तो क्रमांक टाकून घ्यायला दुरुस्तीच्या दुकानात धाव घ्यावी लागली आणि ज्यांनी घेतली नाही त्यांचा चालता फोन भंगारात गेला. फोन मोडतो म्हणून कचरा होतो, हे अर्धंच खरं आहे. अनेकदा तो कागदावर आधी मरतो.

तरीही बटणांच्या फोनची एक मोठी सोय होती. मागचं झाकण नखाने निघायचं, बॅटरी बदलता यायची, नवं पॅनेल बसवलं की तोच फोन धाकट्या भावाकडे किंवा गावी जायचा. स्मार्टफोनमध्ये बॅटरी गोंदाने चिकटली आणि ही साखळी आखूड झाली.

आता फोनच्या पोटात काय असतं ते पाहू, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं आहे. बेल्जियममधल्या होबोकेनला युमिकोर कंपनीची मोठी भट्टी आहे. जुन्या पिढीच्या फोनचे तिथले आकडे नेहमी दिले जातात: बॅटऱ्या काढलेल्या एक टन फोनमधून सुमारे 340 ग्रॅम सोनं, साडेतीन किलो चांदी आणि 130 किलो तांबं. खाणीतल्या एक टन दगडातून पाच ग्रॅम सोनं निघालं तरी ती खाण चांगली समजतात. सराफांच्या दुकानासमोरची माती धुऊन सोन्याचा कण मिळवणारे झारेकरी आपल्याकडे पिढ्यानपिढ्या आहेत. कचऱ्यात सोनं असतं हे आपल्या माणसांना कोणी शिकवायला नको होतं. फरक एवढाच की झारेकऱ्याला पाणी आणि परात पुरायची. सर्किट बोर्डातलं सोनं मात्र तेजाब, म्हणजे तीव्र आम्ल, मागतं.

मुंबईत कुर्ला, साकीनाका, धारावी, दिल्लीत सीलमपूर इथे फोन आणि संगणक सुटे होतात. प्लास्टिक वेगळं, तार वेगळी, बोर्ड वेगळा. देशभरातून असे बोर्ड जिथे पोचू लागले ते उत्तर प्रदेशातलं मुरादाबाद. हे पितळी भांड्यांचं शहर. धातू वितळवण्याची, साफ करण्याची कला तिथल्या घराघरांत होती आणि पितळेचा धंदा मंदावला तसे कारागीर बोर्डांकडे वळले. बोर्ड शेगडीवर तापवून सुटे भाग काढायचे, ते तेजाबात टाकायचे, उरलेलं जाळून राख धुवायची. शिशाची वाफ त्या घरातली बाई आणि मूल दोघंही घेतात. काळी राख रामगंगा नदीच्या काठावर टाकली जाऊ लागली. अखेर 2017 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने काठावर असा कचरा टाकणाऱ्याला एक लाख रुपये दंड ठरवला. या कारागिरांना नुसतं बेकायदा म्हणून बाजूला सारणं मला अन्यायाचं वाटतं. आपण टाकलेल्या वस्तूतून धातू परत मिळवण्याचं काम ते अंगावर विष घेऊन करत आले.

जगातही वाट अशीच होती. घातक कचरा गरीब देशांत पाठवण्याला आळा घालणारा बासेल करार 1989 चा. तरी 2002 मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातलं ग्वीयू गाव जगासमोर आलं, तेव्हा अमेरिकेचा इलेक्ट्रॉनिक कचरा तिथे उघड्यावर जळत होता. त्याच वर्षी या कराराखाली 12 मोबाइल उत्पादक कंपन्या वापरून झालेल्या फोनची जबाबदारी घ्यायला पुढे आल्या. पण 2008 मध्ये नोकियाने 13 देशांतल्या साडेसहा हजार लोकांना विचारलं, तर जुना फोन पुनर्वापराला देणारे निघाले जेमतेम 3 टक्के. 44 टक्के फोन घरातच पडून होते. जपानने मात्र नीट ठरवून केलं तर काय होतं ते दाखवलं. 2017 ते 2019 या दोन वर्षांत लोकांनी दिलेल्या सुमारे 62 लाख फोन आणि इतर उपकरणांतून टोकियो ऑलिम्पिकची पदकं घडली. त्यासाठी 32 किलो सोनं निघालं.

भारतात ई-कचऱ्याचे स्वतंत्र नियम 2011 मध्ये निघाले आणि मे 2012 पासून लागू झाले. वस्तू विकणाऱ्यानेच ती परत घ्यावी, हे तत्त्व त्यात आलं, पण किती घ्यावी हे लिहिलंच नव्हतं. 2016 च्या नियमांनी तो आकडा घातला. सुरुवात 30 टक्क्यांपासून व्हायची होती, ती 2018 मध्ये 10 टक्क्यांवर आणली गेली. 2022 मध्ये निघालेल्या आणि एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नव्या नियमांत सारा हिशोब प्रमाणपत्रांवर गेला. पुनर्प्रक्रिया करणारा कारखाना किती सोनं, तांबं, लोखंड, अ‍ॅल्युमिनियम परत मिळवतो त्यावर त्याला प्रमाणपत्र मिळतं आणि आपली जबाबदारी पार पाडल्याचा पुरावा म्हणून ते वस्तू विकणारी कंपनी विकत घेते. या प्रमाणपत्रांना सरकारने किमान दर ठरवला, तर काही बड्या कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या.

दरम्यान स्कूटर फिरतेच आहे. जुलै 2024 मध्ये तेलंगणात रामगुंडमच्या सायबर पोलिसांनी बिहारच्या तिघांना पकडलं. गावोगाव प्लास्टिकच्या वस्तू देऊन घेतलेले सुमारे चार हजार जुने फोन त्यांच्याकडे होते. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे ते सायबर गुन्हेगारांसाठी गोळा केलेले होते. म्हणून दारावर फोन देताना भीती वाटते, ती खोटी नाही. पण प्रामाणिकपणे भंगार गोळा करणारा आणि असला टोळीवाला यांत घरातल्या माणसाने फरक करायचा कसा? पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने 1993 पासून कचरावेचकांना ओळखपत्र आणि संघटना दिली, पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. गोळा करणाऱ्याला ओळख देता येते, हे तिथे सिद्ध झालं आहे. 2022 च्या त्या नव्या नियमांत मात्र नोंदणीचे वर्ग चार आहेत: निर्माता, उत्पादक, दुरुस्त करून पुन्हा विकणारा आणि पुनर्प्रक्रिया करणारा. फोन गोळा करणाऱ्या माणसाचं नाव यातल्या एकाही यादीत बसत नाही.