नवरोजचा मासा आणि हिरवा भात : डाळिंबाची चकाकी आली कुठून?

इराणमध्ये नवं वर्ष वसंतसंपाताच्या क्षणी सुरू होतं, म्हणजे २० किंवा २१ मार्चला. त्या वेळचं जेवण बहुतेक घरांत ठरलेलं असतं. सब्जी पोलो बा माही, म्हणजे हिरवा पाला घालून दमावर शिजवलेला भात आणि सोबत मासा. हल्ली या ताटाचे जे फोटो फिरतात त्यांत मासा डाळिंबाच्या घट्ट रसाने चमकत असतो, आणि पाहणाऱ्याला वाटतं की ही चमकसुद्धा हजार वर्षांची. तसं नाही. आंबट फळाचा सोस खरोखर जुना आहे, हिरवा भात त्यामानाने नवा, आणि माशावरची ती चकाकती परत सगळ्यांत अलीकडची.

आंबटापासून सुरुवात करू. दहाव्या शतकात इब्न सय्यार अल-वर्राक याने बगदादमध्ये पाककृतींचा मोठा ग्रंथ लिहिला. त्यातल्या कित्येक पदार्थांची नावं फारसी आहेत, कारण बगदादच्या अब्बासी खलिफांच्या दरबाराने इस्लामपूर्व सासानी इराणचं स्वयंपाकघर जवळजवळ उचलूनच आणलं होतं. पुढे १२२६ मध्ये मुहम्मद अल-बगदादी याने लिहिलेल्या पुस्तकात आंबट पदार्थांचा स्वतंत्र भाग आहे. डाळिंब, लिंबू, जर्दाळू, कच्ची द्राक्षं, सफरचंद, सुमाक नावाची आंबट लाल फळं, नारिंग, एकेका फळावर एकेक पदार्थ. हे मुख्यतः मटणाचे रस्से. पण फळाचा आंबटपणा आणि थोडी गोडी एकत्र आणायची सवय तिथे पक्की दिसते.

यातलं नारिंग आपल्या बाजूने गेलेलं आहे. अल-मसूदी या दहाव्या शतकातल्या लेखकाने नोंदवलंय की नारिंगाचं झाड हिजरी सन ३०० नंतर, म्हणजे साधारण इ.स. ९१२ नंतर, हिंदुस्तानातून आणून आधी ओमानमध्ये लावलं गेलं आणि तिथून बसरा, इराक, सीरियाकडे पसरलं. आजही नवरोजच्या माशावर पिळायला कडवट आंबट नारिंगच लागतं. गोड संत्र्याने ते काम होत नाही.

डाळिंबाची अडचण हंगामाची. इराणात ते पिकतं शरदात आणि मासा खायचा मार्चमध्ये. म्हणून रस आटवून ठेवायचा, त्याला म्हणतात रोब-ए-अनार. डाळिंबाच्या ताज्या रसात विरघळलेले घटक साधारण १५ टक्के असतात. ते ७० टक्क्यांच्या आसपास नेले की बुरशी आणि किण्वाला जगायला पुरेसं पाणी उरत नाही. हिशेब सरळ आहे, पाच लिटर रसाचा जेमतेम एक लिटर रोब होतो. कॅस्पियन समुद्राच्या किनाऱ्यावरच्या गीलानमध्ये आंबट डाळिंबाचा रोब करतात. तो काळपट, पातळसर आणि दात आंबवणारा असतो. साखर घातलेला गोड रोब हा दुसरा प्रकार, आणि ग्लेझ, म्हणजे माशावरची ती चकाकती परत, करताना पहिला घोटाळा इथेच होतो. त्याबद्दल पुढे.

गीलानमध्येच मासा आणि डाळिंब यांची गाठ पडते, पण चकाकीच्या रूपात नाही, सारणाच्या रूपात. अख्ख्या माशाचं पोट साफ करून त्यात वाटलेले अक्रोड, रोब, लसूण आणि चोचाग, खालवाश हे तिथले रानपाले भरायचे, पोट शिवायचं आणि भाजायचं. दक्षिणेला, बुशहर आणि होर्मोजगानच्या किनाऱ्यावर, हेच काम चिंच करते. कोथिंबीर, मेथी, लसूण, लाल मिरची आणि चिंचेचा कोळ असं ते सारण असतं. कोकणातल्या माणसाला ते अनोळखी वाटणार नाही, आणि वाटू नयेच. हिंदुस्तानचा पश्चिम किनारा आणि इराणी आखात यांच्यातला व्यापार शतकानुशतकांचा आहे.

आता मासा. नवरोजला मान माही सेफीदचा. हा कॅस्पियनमधला, आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला मासा, आणि त्या कुळाला साजेसे भरपूर काटे असलेला. वसंतात तो अंडी घालायला नद्यांच्या मुखांकडे येतो, म्हणजे ऐन नवरोजच्या तोंडावर जाळ्यात सापडतो. सणाला हाच मासा का, याचं निम्मं उत्तर इथे आहे. उरलेलं निम्मं खवल्यांत. शिया परंपरेत खवले नसलेला मासा वर्ज्य. कॅस्पियनचा सगळ्यांत मौल्यवान मासा स्टर्जन, पण त्याच्या अंगावर नेहमीचे खवले दिसत नाहीत, म्हणून तो घरात शिजत नसे. त्याची अंडी, म्हणजे कॅव्हिअर, परदेशी जात. १९२७ च्या करारानुसार ही मासेमारी इराण आणि सोव्हिएत संघ यांच्या संयुक्त कंपनीकडे होती. १९५३ मध्ये मुदत संपल्यावर इराणने ती सरकारी ताब्यात घेतली. स्टर्जन हलाल ठरवला गेला तो १९८३ मध्ये, खोमेनींच्या फतव्याने. तोवर खवलेवाला माही सेफीद हाच घरचा मासा होऊन बसला होता.

डोंगरापलीकडच्या तेहरानपर्यंत तो ताजा पोचणं कठीण. एल्बुर्झच्या रांगा ओलांडून यायचा तो खारवलेला किंवा धुरावलेला. म्हणून जुन्या तेहरानी घरांत धुरी दिलेला मासा भाताच्या वाफेवरच गरम करून वाढायची पद्धत आहे. कॅस्पियनला आखाताशी जोडणारा लोहमार्ग १९३८ मध्ये पूर्ण झाला, घाटरस्ते सुधारले, बर्फ मिळू लागलं. मग ताज्या माशाचे तुकडे हळद-पिठात घोळून तळणं सोपं झालं. आजही बहुसंख्य इराणी घरांत नवरोजचा मासा तळलेलाच असतो.

भाताची गोष्ट थोडी वेगळी. पूर्वी गीलान-माझंदरान हे कॅस्पियनकाठचे प्रांत सोडले तर इराण भाकरी-नानवर जगणारा देश होता, भात श्रीमंताघरचा. इराणच्या सफवी राजघराण्याच्या दरबाराशी जोडलेली दोन पाकपुस्तकं उपलब्ध आहेत, एक १५२१ चं आणि दुसरं शाह अब्बासचा आचारी नूरुल्लाह याचं, १५९४-९५ चं. दोन्हींत पोलोचे, म्हणजे दमाच्या भाताचे, प्रकार रांगेने येतात. म्हणजे तांदूळ भिजवणं, अर्धवट उकडून निथळणं आणि मग दम देणं हे तंत्र तेव्हा मुरलेलं होतं. सामान्य घरापर्यंत तांदूळ पोचायला मात्र एक आपत्ती कारण झाली. १८६० च्या दशकात गीलानच्या रेशीमकिड्यांवर पेब्रीन रोग आला, रेशमाचा धंदा कोसळला आणि शेतकरी मोठ्या प्रमाणावर भाताकडे वळले.

भातातला पाला हा वसंताचा पाला. शेपू, कोथिंबीर, पार्सली, तरे नावाची चपटी पात, कोवळी लसणीची पात आणि चिमूटभर मेथी. जुन्या युनानी हिशेबात मासा ‘थंड’, म्हणून लसूण, शेपू, केशर या ‘उष्ण’ गोष्टींनी तो तोलायचा. मासे खाल्ल्यावर खजूर खायची रीत त्यातूनच आली. वैद्यक बाजूला ठेवा, पण चव म्हणून हा तोल जमतो.

मग चकाकी? ती घरातल्या ओव्हनची आणि परदेशस्थ इराण्यांची. १९७९ च्या क्रांतीनंतर लाखो लोक अमेरिका-युरोपात गेले, लॉस एंजेलिस हे त्यांचं मोठं केंद्र. तिथे माही सेफीद कुठून आणणार? सॅमन मिळाला. हा तेलकट मासा तळला तर जड होतो, भाजला तर उत्तम, आणि त्याच्या स्निग्धतेला आंबट हवंच. सारणातला रोब पोटातून पाठीवर आला, इतकंच. परंपरा मोडली म्हणून कुरकुरणारे आहेत. त्यांनी गीलानचा भरलेला मासा एकदा आठवावा.

आता करायचं कसं. आपल्याकडे रावस सगळ्यांत योग्य, जाड काप असेल तर सुरमईही चालते. पापलेट पातळ असतो, वरची परत चढेपर्यंत आतून कोरडा पडतो. १५० ते १८० ग्रॅमचे, कातडीसह चार तुकडे घ्या. पाऊण चमचा मीठ चोळून २० मिनिटं ठेवा आणि सुटलेलं पाणी फडक्याने नीट टिपा. ओल्या माशावर ग्लेझ टिकत नाही, घसरून ताटलीत जातो आणि तिथे जळतो.

ग्लेझसाठी ६० मिली रोब, २ मोठे चमचे संत्र्याचा रस, १ मोठा चमचा लिंबाचा रस, किसलेल्या २ लसूणपाकळ्या, गरम पाण्यात भिजवलेलं चिमूटभर केशर, मिरपूड आणि १५ ग्रॅम लोणी. लोणी सोडून बाकी सगळं स्टीलच्या छोट्या पातेल्यात तीन-चार मिनिटं आटवा. ॲल्युमिनियम नको, आम्लाने धातूची चव उतरते. चमच्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढली आणि ती मिटली नाही की आच बंद करून लोणी फेटा. गार झाल्यावर हे आणखी घट्ट होतं, म्हणून गॅसवर असताना थोडं पातळ वाटतानाच थांबायचं.

ओव्हन २०० अंशांवर पूर्ण तापलेला हवा. मासा आधी नुसता, तेलाचा हात लावून, ८ मिनिटं भाजा. मग ग्लेझचा पहिला हात देऊन ३ मिनिटं, दुसरा देऊन आणखी २ मिनिटं. अडीच सेंटिमीटर जाडीच्या तुकड्याला हे पुरतं. सुरुवातीपासून लावला तर साखर करपते आणि कडू होते. दुसरी चूक म्हणजे मासा रोबमध्ये तासभर मुरवणं. आम्लाने वरचा थर पांढरा, भुसभुशीत होतो आणि भाजल्यावर सोलून निघतो. रंगावरूनही फसायला होतं. रोब मुळातच तपकिरी, त्यामुळे मासा कच्चा असतानाच झालेला दिसतो. जाड भागात सुरीचं टोक घालून पाहा. मांस पाकळ्यांनी सुटत असेल आणि मध्ये काचेसारखं पारदर्शक काही उरलं नसेल तर झालं.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या तव्यावर कातडीच्या बाजूने मंद आचेवर तीन-चतुर्थांश शिजवा, उलटून मिनिटभर ठेवा आणि गॅस बंद केल्यावर ग्लेझ लावा. लोखंडी तवा टाळा, आंबट लागलं की तो काळा उतरतो.

भातासाठी जुना बासमती ४०० ग्रॅम, पाणी पांढरं येणं थांबेपर्यंत धुऊन मिठाच्या पाण्यात दीड तास भिजवायचा. पाल्याचं वजन देठं काढून करा. शेपू, कोथिंबीर, पार्सली प्रत्येकी १०० ग्रॅम, कांद्याची किंवा लसणीची हिरवी पात ७५, मेथीची पानं २५ ग्रॅम. मेथी यापुढे नेली की बाकी सगळ्यांची चव झाकली जाते. पार्सली मिळाली नाही तर कोथिंबीर वाढवा, शेपू नको. पाला आदल्या रात्री धुऊन पंचावर पसरून ठेवावा. ओला पाला चिरला तर रस सुटतो, भात गिचका होतो आणि रंग शेवाळी येतो. मिक्सरमध्ये तर घालूच नये. धारदार सुरीने बारीक चिरायचा.

तीन लिटर उकळत्या पाण्यात अडीच मोठे चमचे मीठ घालून तांदूळ ५ ते ७ मिनिटं उकळा. शीत दोन बोटांत चेपलं की बाहेरून मऊ आणि मध्ये बारीक कणी लागली पाहिजे. लगेच चाळणीत ओता, खारट वाटला तर कोमट पाण्याचा एक हात द्या. पातेल्यात ४ मोठे चमचे तेल, २ चमचे पाणी आणि केशराचं पाणी. त्यावर दोन चमचे दही कालवलेल्या भाताचा पातळ थर, मग भात आणि पाला आळीपाळीने, वर निमुळता ढीग. उलथन्याच्या दांड्याने चार-पाच भोकं पाडा, वाफेला वाट हवी. झाकण स्वच्छ जाड फडक्यात गुंडाळून घट्ट बसवा. फडकं वाफेचं पाणी पितं, नाहीतर तेच थेंब परत भातावर पडतात. मध्यम आचेवर ८-१० मिनिटं, मग अगदी मंद आचेवर ४५. तळाची खरपूड, इराणी भाषेत तहदीग, हा या भाताचा मान. आच मोठी ठेवून घाई केली तर ती मध्ये काळी आणि कडेला पांढरी निघते. पातेलं दर दहा मिनिटांनी थोडं फिरवलं की रंग सारखा येतो. उतरल्यावर पातेल्याचं बूड दोन मिनिटं गार पाण्यात टेकवा, खरपूड सुटून येते.

राहता राहिला रोब. बाजारातल्या बाटलीवरचा घटकांचा मजकूर वाचा. साखर किंवा ग्लुकोज आधी लिहिलेलं असेल तर ते सरबत, ग्लेझमध्ये ते लवकर जळतं. घरी करायचा तर आपल्या सोलापूर-नाशिकच्या भगवा जातीच्या डाळिंबाचा रस रंगाने देखणा, पण आम्ल अगदी कमी. तो नुसता आटवला तर गोड चिकट पाक होतो. एक लिटर रसाला चार-पाच लिंबांचा रस धरा. तो शेवटच्या दहा मिनिटांत घालावा, म्हणजे लिंबाचा वास उडत नाही. आच मंद, पातेलं पसरट, वेळ सव्वा तास. २०० मिलीच्या आसपास उरलं की थेंब गार बशीवर टाकून बशी तिरपी करा, तो सावकाश ओघळला पाहिजे. जागचा हललाच नाही तर जास्त आटलंय, थोडं गरम पाणी घालून सैल करता येतं.

मुंबईच्या इराणी हॉटेलांत हे ताट शोधू नये. तिथे आलेले इराणी बहुतेक यज्द आणि केरमानचे, वाळवंटाच्या काठचे. झेरेश्क या बारीक आंबट फळांचा बेरी पुलाव त्या बाजूचा धागा दाखवतो, कॅस्पियनचा मासा नाही. पारशांची पात्रानी मच्छी नवरोजला होते, हिरवीही असते, पण ओलं खोबरं आणि केळीचं पान घेऊन ती गुजरातच्या किनाऱ्यावर घडली.