ऑप्टिमा

जर्मन सुलेखनकार हेरमान त्साप्फ (१९१८–२०१५) यांनी रेखाटलेले रोमन लिपीचे अक्षरवळण (टाइपफेस). अक्षरांच्या टोकांना सेरिफ (रेघांच्या शेवटी येणाऱ्या छोट्या आडव्या शेपट्या) नाहीत, तरी रेघा जाड-बारीक होतात. फ्रान्समधले पोस्टर-चित्रकार कासांद्र यांचे 'पेन्यो' (१९३७) याच प्रकारातले, पण त्याची अक्षररूपे इतकी विक्षिप्त की सलग मजकुराला ते चालत नाही. ऑप्टिमा चालते.

फ्लॉरेन्समधील सांता क्रोचे चर्चच्या फरशीवरच्या थडग्यांवर कोरलेली सेरिफविरहित अक्षरे त्साप्फ यांनी १९५० मध्ये पाहिली आणि हजार लिरांच्या नोटेवर टिपून घेतली. खिळ्यांचे साचे घडवण्यासाठी लागणारे पोलादी ठसे (पंच) आउगुस्ट रोझेनबर्गर यांनी कोरले. खिळे ओतणाऱ्या फ्रँकफुर्टच्या श्टेंपेल कंपनीने १९५८ मध्ये छपाईचे खिळे बाजारात आणले. 'ऑप्टिमा' हे नाव कंपनीचे. त्साप्फ यांना 'नॉय अँटिक्वा' हवे होते.

खरी करामत उभ्या रेघेत आहे. तिच्या कडा सरळ नसून मध्यभागी किंचित आत झुकतात आणि टोकांशी रुंदावतात. सेरिफचे काम हे रुंदावणेच करते. मोठ्या (कॅपिटल) अक्षरांची मापे रोमन शिलालेखांची: ओ ऐसपैस, ई आणि एफ अरुंद.

बिघडते तेही इथेच. दर इंचाला ३०० ठिपके छापणाऱ्या यंत्रावर १० पॉइंटच्या अक्षराची उभी रेघ जेमतेम तीन-चार ठिपके रुंद असते. झुकाव एका ठिपक्याहून कमी असल्यामुळे तो नाहीसा होतो किंवा रेघेच्या मधोमध पायरी दिसते. संगणकाच्या जुन्या पडद्यांवर ऑप्टिमा बेंगरूळ दिसे ते यामुळेच. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरा मजकूर छापताना शाई पसरून बारीक रेघा बुजतात. तिथे एक पायरी जाड वजन (रेघांची जाडी) घ्यावे. मूळ संचातले तिरके रूप म्हणजे सरळ अक्षरेच कलती केलेली, त्यामुळे परिच्छेदात त्याने जोर उठत नाही. खरे इटॅलिक, म्हणजे वेगळे रेखाटलेले तिरके रूप, २००२ च्या 'ऑप्टिमा नोव्हा'त आले. त्यात जपानी अक्षररेखाटनकार अकिरा कोबायाशी यांचे सहकार्य होते.

शीर्षके, निमंत्रणे, प्रदर्शनातील फलक, सौंदर्यप्रसाधनांची वेष्टने ही त्याची हक्काची जागा. केवळ कॅपिटल अक्षरांत ओळ जुळवली तर अक्षरांमधले अंतर आकाराच्या ५ ते १० टक्क्यांनी वाढवावे. दगडात तर ते फारच शोभते. वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम युद्धस्मारकावर (१९८२) काळ्या ग्रॅनाइटमध्ये ५८,००० हून अधिक नावे ऑप्टिमात आहेत, अक्षरांची उंची सुमारे १.३ सेंमी. सरकारी अर्ज, रस्त्यावरच्या पाट्या, दाट आकड्यांचे तक्ते यांसाठी मात्र एकसारख्या जाडीचे वळण बरे.

मराठी-इंग्रजी छपाईत जोडी लावताना एक अडचण येते. बोरूची छाट उलटी असल्याने देवनागरीत जाड रेघ ज्या तिरक्या दिशेने पडते, तिच्या विरुद्ध दिशेने ती रोमनमध्ये पडते. तेव्हा दिशा जुळवण्याच्या फंदात न पडता मजकुराचा एकंदर काळेपणा जुळवावा. एकसुरी जाडीची देवनागरी ऑप्टिमाशेजारी ठोकळेबाज दिसते; हलका जाड-बारीकपणा असलेली निवडून, प्रत्यक्ष कागदावर छापून, मगच तिचा आकार ठरवावा.