अल्पकालीन मिशन दौरा (तिहुआना, मेक्सिको)

चर्चच्या मंडळींनी आठ-दहा दिवसांसाठी परमुलखात जाऊन घरबांधणी, मुलांचे वर्ग, आरोग्य तपासणी किंवा सुवार्तेचे काम करून परत येणे, याला अल्पकालीन मिशन दौरा म्हणतात. मराठी वाचकाला ‘मिशन’ म्हटले की मिरजेचे इस्पितळ नाहीतर अमेरिकन मराठी मिशन आठवते. ती माणसे मुक्कामाला आली होती. गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईत उतरला, मराठी शिकला आणि १८२६ साली नाशिककडच्या फेरीत पटकीने वारला. अल्पकालीन दौऱ्यातला माणूस रजा टाकून जातो आणि पुढच्या सोमवारी कामावर हजर असतो. प्रस्तुत नोंद मुख्यतः तिहुआना शहराच्या कडेच्या वस्त्यांतील घरबांधणीच्या दौऱ्यांविषयी आहे. चाळीसेक वर्षांत तिथे या कामाची रीतच पडून गेली आहे.

मेक्सिकोचे नाव या प्रथेशी सुरुवातीपासून जोडलेले आहे. १९५७ च्या उन्हाळ्यात जॉर्ज व्हर्वर हा अमेरिकन विद्यार्थी दोन मित्रांसह जुन्या ट्रकमध्ये स्पॅनिश शुभवर्तमानाच्या पुस्तिका भरून मेक्सिकोत गेला. त्यातून ‘ऑपरेशन मोबिलायझेशन’ ही संस्था उभी राहिली आणि १९६० च्या दशकात तिची पथके भारतातही आली. १९६० सालीच ‘यूथ विथ अ मिशन’ निघाली. सीमेलगतच्या सॅन डिएगो या अमेरिकन शहरातल्या ‘अमोर मिनिस्ट्रीज’ने १९८० पासून चर्चच्या तरुण गटांना सीमेपलीकडे घरे बांधायला न्यायला सुरुवात केली. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाव यांच्या अंदाजाप्रमाणे २००० च्या दशकाच्या मध्याला अमेरिकन चर्चचे सुमारे १६ लाख सभासद दरवर्षी अशा कामासाठी देशाबाहेर जात होते.

तिहुआनाच का, याचे उत्तर नकाशात आहे. सॅन डिएगोहून व्हॅनने तासाभरात पोचता येते, विमानभाडे वाचते. १९६५ नंतर सीमेलगत माकिलादोरा, म्हणजे निर्यातीसाठी माल जुळवणारे कारखाने आले आणि ओआहाका, मिचोआकान, सिनालोआ अशा दूरच्या राज्यांतून माणसे कामाला येऊन इथल्या उघड्या टेकड्यांवर व घळींत राहू लागली. पहिला निवारा म्हणजे लाकडी पॅलेट, ताडपत्री आणि सॅन डिएगोतून भंगारात आलेली गॅरेजची दारे. उतारावरची माती धरायला जुन्या टायरांची पायऱ्यापायऱ्यांची भिंत. पाणी ‘पिपा’ नावाच्या टँकरने येते आणि दारातल्या पिंपांत साठवले जाते. वीज पुष्कळदा खांबावर टाकलेल्या आकड्यातून घेतात. तिकडे त्या आकड्याला ‘दियाब्लितो’ म्हणजे छोटा सैतान म्हणतात.

यजमान आणि निवड

दौरा चांगला होणार की वाईट, हे बहुतांशी गट घराबाहेर पडण्याआधीच ठरलेले असते. घर मिळणाऱ्या कुटुंबांची यादी कोणाच्या हातात आहे हे पाहावे. ती वस्तीतल्या पाळकाच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूच्या, किंवा तिथल्या समितीच्या हातात असली, तर घर गरजवंताला मिळते आणि बांधणारे गेल्यावरही कोणीतरी विचारपूस करते. यादी पाहुण्यांनी केली, तर सगळ्यांत बोलके किंवा फोटोत छान दिसणारे कुटुंब वर येते आणि शेजाऱ्यांत तेढ पडते. पाळकालाही मोह असतोच. घर फक्त आपल्याच मंडळीतल्या लोकांना द्यावे असे त्याला वाटू शकते. म्हणून निकष लेखी ठेवतात: घरात मुले किती, कमावणारे किती, आणि जागेचा कागद आहे का.

हा शेवटचा मुद्दा कळीचा आहे. या भागातली बरीच जमीन एहिदोची, म्हणजे सामाईक शेतजमीन, तुकडे पाडून हप्त्याने विकलेली असते. विक्रीचा करार आणि हप्त्यांच्या पावत्या कुटुंबाच्या नावावर नसतील तर बांधू नये. घर उभे राहिले की जागेची किंमत वाढते आणि मूळ मालक कुटुंबाला बाहेर काढू शकतो. जागा सपाट करण्याचे काम कुटुंबानेच आधी करून ठेवायचे असा बहुतेक ठिकाणी करार असतो.

तयारी, कागदपत्रे, सीमा

एका घराला १५ ते २० माणसे पुरतात. त्याहून जास्त असली की अर्धी हातोडा धरून उभी राहतात. तयारी तीन-चार महिने आधी सुरू होते. प्रत्येक जण ओळखीच्यांना पत्र लिहून निधी जमवतो, चर्चमध्ये नाश्त्याची विक्री होते. बांधकाम साहित्याचा खर्च गटानेच द्यायचा असतो. व्हॅनने जाणाऱ्यांचे कमी पैशांत भागते. विमानाने मध्य अमेरिकेत जायचे तर माणशी १,५०० ते २,५०० डॉलर सहज लागतात.

मोठ्यांना पासपोर्ट लागतो. चर्चच्या गटाबरोबर जाणारी १९ वर्षांखालील अमेरिकन नागरिक मुले परतताना जमिनीवरच्या नाक्यावर जन्मदाखल्यावर आत येऊ शकतात, पण पालकांचे संमतिपत्र हवे. ते नोटरीसमोर सही केलेलेच ठेवतात. मेक्सिकोचा प्रवेश परवाना जमिनीवरून सात दिवसांपर्यंत विनाशुल्क असतो, पण नाक्यावर थांबून मागून घ्यावा लागतो. गाड्या थेट पुढे निघून जातात आणि परवान्याची आठवण अपघात झाल्यावर होते. अमेरिकन वाहन विमा पलीकडे चालत नाही. मेक्सिकन विमा वेगळा काढावा लागतो. औषधपेटी आदल्या रात्री उघडून पाहावी, कारण सर्दीच्या अमेरिकन गोळ्यांतले स्यूडोएफेड्रिन मेक्सिकोत बंदी असलेले आहे. व्हॅनच्या सीटखाली शिकारीच्या हंगामातले एखादे काडतूस राहिले असले, तरी तुरुंगाची पाळी येते. वापरलेल्या कपड्यांची पोती कस्टमवाले अडवतात, आणि कपड्यांचा बाजार तिहुआनात तसाही भरपूर आहे.

धर्मकार्याचाही कायदा आहे. १९९२ च्या धार्मिक संस्थाविषयक कायद्यानुसार उपासना एरवी प्रार्थनास्थळातच व्हावी. बाहेर मैदानात घ्यायची तर किमान १५ दिवस आधी अधिकाऱ्यांना कळवावे लागते. हे काम यजमान चर्चचे. पाहुण्यांनी रस्त्यावर आपल्या मनाने सभा लावू नये.

बांधकाम

नेहमीचे घर ११ फूट बाय २२ फुटांचे, दोन खोल्या पाडता येतील असे, एकपाखी छपराचे असते. वीज नसते हे गृहीत धरून हातकरवत, हातोडे, फावडी, घमेली एवढ्यावरच काम चालते. चार दिवस लागतात.

पहिल्या दिवशी फळ्यांची चौकट मांडून कोबा ओततात. चौकट काटकोनात आहे की नाही हे डोळ्यांनी ठरवू नये. दोन्ही कर्ण मोजावेत. ११ बाय २२ ला प्रत्येक कर्ण २४ फूट ७ इंच आला पाहिजे. इथे एका इंचाची चूक राहिली तर ती छपराचे पत्रे मारताना तिप्पट होऊन भेटते. साडेतीन इंच जाडीला साधारण २ घनमीटर काँक्रीट लागते, म्हणजे ५० किलोची १२ ते १४ पोती सिमेंट. ते लाकडी हौद्यात फावड्याने कालवून बादल्यांनी टाकतात. दोन-तृतीयांश भरलेल्या बादल्यांच्या दीडशेहून जास्त खेपा होतात. दुपारी दोनच्या सुमारास माणसे थकली की कोणीतरी पाणी जास्त ओतते, कारण पातळ माल कालवायला हलका पडतो. असा माल सुकताना भेगाळतो. गटात एक तरी माणूस असा हवा, ज्याचे काम फक्त पाण्याच्या बादलीवर लक्ष ठेवणे.

काँक्रीट ओले असतानाच कडेने बोल्ट रोवायचे असतात. ते विसरणे ही या घरांतली सगळ्यांत सर्रास होणारी चूक आहे. सांता आनाचे कोरडे, जोराचे वारे सुटले की बोल्ट नसलेली हलकी लाकडी भिंत जोत्यावरून सरकू शकते. दुसरी चूक पाहुण्यांची नव्हे, जागेची: उतार कापून निघालेली माती पुढच्या बाजूला पसरून केलेला सपाटीचा भाग दाबलेला नसतो. हिवाळी पावसात तो खचतो आणि कोबा बरोबर त्या रेषेवर तडकतो. पाय आपटला की पोकळ आवाज येतो, तिथे काम थांबवून धुम्मस करावा.

दुसऱ्या दिवशी दोन बाय चार इंची लाकडांचे सांगाडे जमिनीवरच ठोकून उचलतात, ओळंबा लावतात, छप्पर चढवतात. तिसऱ्या दिवशी भिंतीला प्लायवूड नसल्यामुळे एक वेगळी युक्ती करतात: उभ्या लाकडांभोवती सहा-सहा इंचांवर तार ताणून बांधायची, तिच्यावर काळा डांबरी कागद, त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी. जाळी कागदाला चिकटलेली नसावी, किंचित सुटी असावी. गिलावा तिच्या मागे शिरून पकडतो. तार ढिली राहिली तर थापी मारली की कागद आत जातो, सिमेंट जास्त खाते आणि भिंतीला पोट येते. साधारण ४८० चौरस फुटांच्या गिलाव्याच्या एका थराला चार पोती पुरेशी आहेत. सहा संपली, तर तार ढिली आहे असे समजावे. पहिल्या थराला ओल मिळाली पाहिजे, पण टँकरचे पाणी कुटुंबाच्या पैशाचे असते, म्हणून गटाने आपले पिंप भरून ठेवावे.

ओल्या सिमेंटमध्ये गुडघे टेकून काम केल्याने होणारी भाजल्यासारखी जखम डॉक्टरांना इथे हमखास दिसते. सिमेंट क्षारधर्मी असते, दुखणे तासा-दोन तासांनी कळते, तोवर कातडी गेलेली असते. पिण्याच्या पाण्यासाठी ‘गर्राफोन’ हे २० लिटरचे जार आणतात. १५ जणांना दिवसाला तीन लागतात. पोट बिघडते ते बहुतेक वेळा रस्त्यावरच्या सरबतातल्या बर्फाने.

भाषा आणि वागणे

शाळेतल्या दोन वर्षांच्या स्पॅनिशवर भाषण ठोकण्यापेक्षा दहा वाक्ये नीट यावीत. मोठ्यांना ‘तू’ नव्हे, ‘उस्तेद’. चर्चमधल्या माणसांना ‘एर्मानो’, ‘एर्माना’, म्हणजे आपल्याकडचे बंधू-भगिनीच. लाज वाटली हे सांगताना इंग्रजीच्या ओढीने ‘एम्बारासादा’ म्हटले, तर त्याचा अर्थ ‘मी गरोदर आहे’ असा होतो. सोळा वर्षांच्या मुलीने सभेत आपल्या श्रद्धेची साक्ष देताना असे म्हटले की हशा पिकतो. मोठी अडचण शब्दांपलीकडची आहे. २०२० च्या जनगणनेत मेक्सिकोतील सुमारे ७८ टक्के लोक कॅथलिक होते आणि बोलीभाषेत ‘क्रिस्तियानो’ म्हणजे प्रॉटेस्टंट. ‘तुम्ही ख्रिस्ती आहात का?’ या प्रश्नाला ग्वादालूपेच्या मातेसमोर (मरियमेच्या तिथल्या रूपासमोर) रोज दिवा लावणारी आजी शांतपणे ‘नाही, मी कॅथलिक’ असे उत्तर देते. पाहुणा ते वहीत ‘अविश्वासी’ म्हणून टिपतो, आणि घरी परतल्यावरचा अहवाल तिथूनच चुकतो.

दुपारी मुलांसाठी बायबल वर्ग भरतो. गोळ्या-चॉकलेटे व्हॅनमधून उधळू नयेत. लहान मुले चाकांखाली येतात. भेटवस्तू आईबापांच्या किंवा यजमान चर्चच्या हातून द्याव्यात. कुटुंबाने जेवण करून वाढले तर नाही म्हणू नये. त्या दिवशी त्यांच्या घरी यजमानपणाचा मान असतो.

टीका

हा वाद नवा नाही. विचारवंत इव्हान इलिच यांनी १९६८ साली मेक्सिकोत निघालेल्या अमेरिकन विद्यार्थी स्वयंसेवकांना तोंडावर सांगितले होते: पाहायला या, डोंगर चढा, शिका, पण मदत करायला येऊ नका. हरिकेन मिच (१९९८) नंतर होंडुरासमध्ये झालेल्या घरबांधणीचा समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हेर बीक यांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे एक घर सुमारे २,००० डॉलरांत उभे राहत होते, तर परदेशी गटाच्या एका दौऱ्याचा खर्च सरासरी ३०,००० डॉलर होता. घर पाहुण्यांनी बांधले की होंडुरासच्याच माणसांनी, याने कुटुंबांवरच्या परिणामात फरक दिसला नाही. परतलेल्या स्वयंसेवकांच्या देणग्यांतही फार वाढ आढळली नाही. २००३ मध्ये अमेरिकेत अशा दौऱ्यांसाठी सात मानके ठरवली गेली. त्यांत यजमानांशी भागीदारी आणि कामाची आखणी दोघांनी मिळून करणे यांना जागा आहे.

तिहुआनाच्या बाबतीत ही टीका थोडी मवाळ करावी लागते, कारण प्रवासखर्च कमी आणि तेच गट वर्षानुवर्षे त्याच पाळकाकडे येतात. पण गवंड्याचा प्रश्न उरतो. त्याच गल्लीत रोजगार शोधणारा ‘अल्बान्यिल’ बसलेला असतो आणि शेजारी पंधरा शाळकरी मुले वाकडा गिलावा थापत असतात. अलीकडे काही गट त्याला रोजाने ठेवतात आणि त्याच्या हाताखाली काम करतात. गिलावा सरळ येतो, आणि भेग पडली तर कोणाला बोलवायचे हे कुटुंबाला ठाऊक असते.

२००८ ते २०१० च्या टोळीयुद्धात आणि पुन्हा २०२० नंतर करोनाकाळात दौरे ओसरले. त्या काळात बांधकाम चालू ठेवले ते स्थानिक मंडळींनी.

शेवटच्या दिवशी किल्ली देण्याचा छोटा कार्यक्रम होतो, प्रार्थना होते, आणि गट सॅन इसिद्रोच्या नाक्यावर दोन-तीन तासांच्या रांगेत उभा राहतो. घर तेव्हा पूर्ण नसते: गिलाव्याचा रंगाचा थर, आतली दुभाजक भिंत आणि वीजजोडणी कुटुंब पुढे आपल्या ऐपतीने करते. उरलेली दोन-तीन पोती सिमेंट कोरड्या जागी पॅलेटवर ठेवून यावीत. जमिनीवर ठेवली तर पहिल्या धुक्यातच दगड होतात.