बाण कुठून निघतो?

खोबरेल तेलात कॉस्टिक सोड्याचं पाणी घालून ढवळत राहिलं की साबण तयार होतो आणि ग्लिसरीन सुटतं. वहीत याचं एका ओळीचं समीकरण असतं. काय घातलं, काय निघालं एवढंच ते सांगतं; मधे काय झालं याबद्दल मात्र मूग गिळून गप्प.

ते मधलं लिहिण्यासाठी रसायनशास्त्रज्ञ वाकडे बाण काढतात. केरमॅक आणि रॉबिन्सन या दोघांनी 1922 साली ही खूण वापरली. (यातला केरमॅक पुढे प्रयोगशाळेतल्या अपघातात कॉस्टिक डोळ्यांत जाऊन आंधळा झाला, आणि गणिताकडे वळला. मॅकेंड्रिकबरोबर 1927 साली त्याने साथीच्या रोगांचं जे गणित मांडलं, ते पडताळायला आकडे घेतले होते मुंबईच्या प्लेगचे!) बाण दाखवतो तो इलेक्ट्रॉनांच्या जोडीचा प्रवास, अणूचा नव्हे. म्हणून तो इलेक्ट्रॉन जिथे आहेत तिथूनच निघायला हवा. धनप्रभारापासून बाण सुरू करणं ही वर्गातली नेहमीची चूक. ज्याच्याकडे मुळात जोडीच नाही, तो देणार काय?

तेल हे एस्टर, म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल (इथे ग्लिसरीन) जोडून बनलेला पदार्थ. त्यातल्या एका कार्बनला दोन ऑक्सिजन चिकटलेले असतात, एक दुहेरी बंधाने, दुसरा एकेरी. दोघेही इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतात, त्यामुळे कार्बनवर थोडा धनप्रभार येतो. कॉस्टिकमधल्या हायड्रॉक्साइडकडे (ऑक्सिजन-हायड्रोजनचा ऋणप्रभारित गट) इलेक्ट्रॉनांची मोकळी जोडी असते. पहिला बाण तिथून कार्बनकडे. पण कार्बनला चारापेक्षा जास्त बंध झेपत नाहीत. म्हणून दुहेरी बंधातली एक जोडी ऑक्सिजनवर सरकते: दुसरा बाण. मग ती जोडी माघारी येते आणि कुणाला तरी बाहेर पडावं लागतं.

पण नेमका कुठला बंध तुटतो? एकेरी बंधाच्या ऑक्सिजनला दोन बाजू आहेत, आणि कुठूनही तुटलं तरी हाती येणारे पदार्थ तेच. पोलान्यी आणि झाबो यांनी 1934 साली अमाइल अ‍ॅसिटेट, म्हणजे केळ्यासारखा वास येणारं एस्टर घेतलं आणि जड ऑक्सिजन (वस्तुमान 18) मिसळलेल्या पाण्यात त्याचं विघटन केलं. निघालेल्या अल्कोहोलमध्ये जड ऑक्सिजन आलाच नाही. म्हणजे अल्कोहोल आपला जुना ऑक्सिजन बरोबर घेऊनच सुटलं. बंध तुटला तो धनप्रभारित कार्बनच्या बाजूने.

राहिला प्रश्न मधल्या, कार्बनला चार एकेरी बंध असलेल्या अवस्थेचा. ती खरोखर असते की नुसती कागदावर? 1951 मध्ये बेंडरने दुहेरी बंधाच्या जागी जड ऑक्सिजन असलेलं एस्टर घेतलं, प्रक्रिया अर्धवट थांबवली आणि न बदललेलं एस्टर परत काढून तपासलं. त्यातला जड ऑक्सिजन कमी झाला होता. रेणू मधल्या अवस्थेपर्यंत गेला, तिथे दोन ऑक्सिजनांमध्ये हायड्रोजनची अदलाबदल झाली, आणि परत एस्टर होताना कधी नवा ऑक्सिजन बाहेर पडला, तर कधी जुना.