एका रविवारी दुकानं भरली, ती कशी?

रविवार, २० जून १९४८. पश्चिम जर्मनीत रेशनकार्डाच्या कचेऱ्यांसमोर रांगा लागल्या होत्या. त्या दिवशी तिथे शिधा मिळत नव्हता, नोटा मिळत होत्या: माणशी ४० नवे डॉइश मार्क. सोमवारी सकाळी दुकानांच्या काचांमागे भांडी, बूट, कापड, अवजारं असा कित्येक महिने न दिसलेला माल मांडलेला होता. कोणताही कारखाना एवढा माल एका सुट्टीच्या दिवसात तयार करू शकत नाही. तो आधीच तयार होता आणि गोदामांत दडवून ठेवलेला होता. युद्धात उद्ध्वस्त झालेली पश्चिम जर्मनी पुढे झपाट्याने सावरली, त्या ‘आर्थिक चमत्कारा’बद्दल बोलताना मला पहिल्यांदा हेच सांगावंसं वाटतं.

माल दडवण्याचं कारण पैशातच होतं. हिटलरच्या राजवटीने १९३६ साली किमती गोठवल्या आणि पुढे युद्धाच्या खर्चासाठी भरमसाट नोटा बाजारात सोडल्या. एरवी अशा वेळी भाव कडाडतात. इथे कायद्याने ते वाढू दिले नाहीत, त्यामुळे महागाई दाबून राहिली. युद्ध संपल्यावर दोस्त राष्ट्रांनीही हीच बंधनं चालू ठेवली. लोकांच्या हाती पैसा मुबलक होता, पण त्याला खरेदीची ताकद उरली नव्हती. सरकारी भावाने बूट विकून मिळालेल्या मार्कांचं करायचं काय, हा प्रश्न असल्यामुळे कारखानदार बूट विकतच नसे. एक अमेरिकन सिगारेट काळ्या बाजारात पाच मार्कांच्या वर जाई आणि व्यवहार सिगारेटींतच होत. कामगार रेशनकार्ड टिकवण्यापुरता कामावर जाई. उरलेल्या वेळात घरातली चादर किंवा घड्याळ घेऊन तो खेड्याकडची गाडी पकडे आणि त्या बदल्यात बटाटे आणी. त्याच्या दृष्टीने हे शहाणपणाचंच होतं, पण कारखाने त्यामुळे ओस पडत.

नव्या नोटा अमेरिकेत छापून गुपचूप ब्रेमरहाफेन बंदरात उतरवल्या गेल्या. कासेलजवळच्या रोथवेस्टेनच्या लष्करी तळावर काही जर्मन तज्ज्ञांना कित्येक आठवडे जगापासून तोडून कायद्यांचे मसुदे लिहायला बसवलं होतं. त्यांच्यावर देखरेख करणारा अमेरिकन अधिकारी एडवर्ड टेनेनबाउम अवघ्या २६ वर्षांचा होता.

आपल्याकडे २०१६ च्या नोटाबंदीत बँकेत भरलेल्या जुन्या नोटांची पूर्ण रक्कम खात्यात जमा झाली. जर्मनीत खात्यातल्या रकमेवरच कात्री चालली. बचतीच्या १०० जुन्या मार्कांचे शेवटी साडेसहा नवे मार्क झाले. पगार आणि भाडी मात्र एकास एक दराने बदलली. ज्याच्याकडे जमीन, कारखाना किंवा भरलेलं गोदाम होतं, त्याला धक्काही लागला नाही. ज्या विधवेची सारी पुंजी बँकेत होती, ती बुडाली. हा अन्यायच होता. १९५२ साली मालमत्ताधारकांवर ३० वर्षांत फेडायचा कर बसवून त्यातून निर्वासितांना आणि नुकसान झालेल्यांना भरपाई देण्यात आली. तेवढ्याने सगळं भरून आलं नाही.

चलनबदलासोबत तिथल्या अर्थ-प्रशासनाचे प्रमुख लुडविग एरहार्ड यांनी बऱ्याच वस्तूंवरचं किंमत-नियंत्रण उठवलं. घरभाडं, कोळसा, पोलाद आणि मुख्य अन्नधान्य नियंत्रणातच राहिलं, हे बाजारपेठेचे भाट सांगायला विसरतात. भाव लगेच चढले. १२ नोव्हेंबर १९४८ रोजी लाखो कामगारांनी एक दिवसाचा संप केला. १९५० च्या सुरुवातीला सुमारे २० लाख लोक बेकार होते. तेव्हा कुणालाही हा चमत्कार वाटला नसता.

मग गाडी रुळावर आली कशी? बॉंबहल्ल्यांत जितकी घरं पडली, तितके कारखाने पडले नव्हते. युद्धकाळात यंत्रांवर प्रचंड पैसा ओतला गेला होता (आणि पकडून आणलेल्या लाखो परदेशी मजुरांचे कष्टही त्यात होते). १९४८ मधली यंत्रसामग्री १९३६ पेक्षा कमी नव्हती, असा आर्थिक इतिहासकारांचा हिशोब आहे. पूल आणि रेल्वे तुटल्याने रूर या खाणपट्ट्यातला कोळसा खाणींपाशीच पडून राहत होता. वाहतूक सुधारली तशी यंत्रंही फिरू लागली. पूर्वेकडून हाकलून दिलेले सुमारे ८० लाख जर्मन लोक तोवर पश्चिम जर्मनीत आले होते. सुरुवातीला ओझं वाटलेली हीच माणसं पुढे कामाला हात ठरली.

युरोपच्या उभारणीसाठी अमेरिकेने दिलेल्या मदतीतून, म्हणजे मार्शल योजनेतून, पश्चिम जर्मनीला जवळपास १.४ अब्ज डॉलर मिळाले. अर्थव्यवस्थेच्या मानाने ही रक्कम फार मोठी नव्हती, पण तिच्यातून कापूस आणि अन्नधान्य आलं. तो माल विकून जमलेल्या मार्कांतून केएफडब्ल्यू या नव्या बँकेने खाणी आणि वीजकेंद्रांना कर्जं दिली. १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटलं आणि जगाला यंत्रं आणि पोलाद हवं झालं. त्या काळात जर्मनीकडे सैन्य नव्हतं, त्यामुळे तिचे कारखाने निर्यातीसाठी मोकळे होते. टेल्कोचे (आजच्या टाटा मोटर्सचे) मर्सिडीज ट्रक आणि हॅम्बुर्गच्या कंपनीच्या सहकार्याने निघालेली बजाज टेम्पोची तीनचाकी याच निर्यातीच्या लाटेतून भारतात आली.

माझ्या मते या सगळ्यात सर्वांत कमी सांगितली जाणारी गोष्ट लंडनमध्ये घडली. २७ फेब्रुवारी १९५३ च्या करारात जर्मनीच्या परदेशी कर्जापैकी जवळपास निम्मं माफ झालं आणि उरलेलं सोप्या हप्त्यांत बांधून मिळालं. कर्जफेड जर्मनीच्या निर्यातीतून व्हावी, असा करारामागचा विचार होता. म्हणजे पैसे परत हवे असतील, तर सावकाराने जर्मन माल विकत घ्यायचा. पहिल्या महायुद्धानंतर नेमकं उलट केलं गेलं होतं आणि त्याची फळं युरोपने भोगली होती. सवलत देणाऱ्यांत जर्मन सैन्याने ज्याची उपासमार केली, तो ग्रीसही होता.

काही जुन्या रोख्यांवरचं व्याज जर्मनी एक होईपर्यंत पुढे ढकललं होतं. त्याचा शेवटचा हप्ता ३ ऑक्टोबर २०१० रोजी फेडला गेला. दुसऱ्या महायुद्धाच्या नुकसानभरपाईचा प्रश्नही याच कराराने पुढे ढकलला. ग्रीस आणि पोलंडने त्यानंतरही तो पुन्हा पुन्हा मांडला आहे आणि प्रकरण केव्हाच मिटलं आहे, असं जर्मनीचं म्हणणं आहे.