फेअरटॅक्स (अमेरिका)

फेअरटॅक्स ही अमेरिकेत गेली पंचवीसेक वर्षं नुसतीच चर्चेत असलेली योजना. म्हणणं सरळ आहे, इन्कम टॅक्स पूर्ण बंद करा, माणसांचा पण आणि कंपन्यांचा पण, पगारातून कापले जाणारे सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे (म्हातारपणची पेन्शन आणि आरोग्य विमा) टॅक्स आणि वारसा टॅक्सही काढा, आणि त्याबदल्यात खरेदीच्या बिलावर एकच केंद्रीय सेल्स टॅक्स लावा. आयआरएस, म्हणजे तिथलं इन्कम टॅक्स खातं, त्यालाही टाळं. वसुली राज्यांनी करायची. जॉर्जियाचे रिपब्लिकन खासदार जॉन लिंडर यांनी 1999 मध्ये याचं बिल, म्हणजे विधेयक, पहिल्यांदा मांडलं.

खरी मेख दरात आहे. बिलात दर 23 टक्के लिहिलाय, पण तो टॅक्स धरून होणाऱ्या एकूण किमतीवर. म्हणजे 77 डॉलरची वस्तू, 23 टॅक्स, द्यायचे 100. आपण दुकानात मोजतो तसा मूळ किमतीवर काढला तर 23 भागिले 77, जवळपास 30 टक्के होतात. समर्थक म्हणतात इन्कम टॅक्सपण एकूण कमाईवरच मोजतात, तुलना सारखी हवी. मुद्दा अगदीच चूक नाही, पण काउंटरवर उभ्या माणसाला 30च दिसणार, आणि राज्याचा सेल्स टॅक्स त्याशिवाय.

टॅक्स नव्या वस्तूंवर आणि सेवांवर, यात किराणा, डॉक्टरची फी, घरभाडं, नवं घर सगळं आलं. जुनी गाडी, जुनं घर, धंद्यासाठीची खरेदी आणि शिक्षणाची फी यातून सुटते. गरिबांचं काय, तर दारिद्र्यरेषेपर्यंतच्या खर्चावर जेवढा टॅक्स बसेल तेवढी रक्कम प्रत्येक कुटुंबाला दर महिन्याला आगाऊ परत, तिला प्रीबेट म्हणतात.

तरी टीका संपत नाही. श्रीमंत माणूस कमाईतला बराच भाग खर्चच करत नाही, त्यामुळे त्याचा भार हलका होतो आणि मधल्या वर्गाचा वाढतो. रिटायर झालेल्यांची तर दुहेरी पंचाईत, तिथे स्थायिक झालेल्या आपल्या मराठी मंडळींचीही, कारण बचत केली तेव्हा इन्कम टॅक्स भरला आणि आता तेच पैसे खर्च करताना पुन्हा टॅक्स. शिवाय एवढ्या दराला "बिल नको, कॅश घ्या" सुरू व्हायला वेळ लागत नाही, हे आपल्याला कुणी सांगायला नको. बुश सरकारच्या 2005 च्या सल्लागार समितीने नुसत्या इन्कम टॅक्सची जागा भरायलाच मूळ किमतीवर किमान 34 टक्के लागतील असं म्हणत ही कल्पना नाकारली.

इन्कम टॅक्सला आधार देणारी 1913 ची सोळावी घटनादुरुस्ती सात वर्षांत रद्द झाली नाही तर हा सेल्स टॅक्सच संपेल, असंही कलम बिलात आहे. 2008 च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्षपदाच्या रिपब्लिकन उमेदवारीच्या शर्यतीतले माइक हकबींनी योजना उचलून धरली. 2023 मध्ये खासदार बडी कार्टर यांनी बिल पुन्हा आणलं, बायडन यांनी व्हेटोची तंबी दिली, पण सभागृहात मतदानापर्यंत गाडी गेलीच नाही.

भारतातला 2017 चा जीएसटी याच्याशी जोडू नये, त्याने फक्त अप्रत्यक्ष कर एकत्र केले, इन्कम टॅक्स जागेवरच आहे. जवळची गोष्ट म्हणजे अनिल बोकील यांची अर्थक्रांती. त्यात आयात शुल्क सोडून बाकी कर रद्द करून बँकेतल्या व्यवहारांवर एकच कर लावायचा प्रस्ताव आहे.